वेढणी

सोन्यानं पाण्यात असं वागायला नको होतं. जानेवारीतला गुरुवार होता, बी.एस्सी. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. वर्ध्याच्या कॉलेजातल्या त्या लांबोळक्या लॅबमध्ये पोरांनी घरून आणलेलं काय काय टेबलावर मांडून ठेवलं होतं: पितळेचं कुलूप, लोखंडाचा नट, कुणाच्या तरी आजीचा तांब्याचा पैसा. हवेत वजन, पाण्यात वजन, दोन्हींतला फरक, त्यावरून घनता. विषय तसा दोन हजार वर्षांचा शिळा, पण धीरज थूल शिकवायला लागला की रंगात यायचा. शेवटी त्यानं स्वतःच्या बोटातली सोन्याची वेढणी काढली आणि विचारलं, आता याची किती येणार? एकोणीस पॉइंट तीन, असा कोरस झाला. पुस्तकात वाचलेलं सांगू नका, डोळ्यांनी बघा, असं म्हणत त्यानं ती दोऱ्याला बांधली, तोलली, पाण्यात सोडली आणि फळ्यावर भागाकार मांडला. उत्तर पंधराच्या जरा पुढे येऊन थांबलं. पोरं हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाहीत. पहिल्या बाकावरची सपना, जिला सर चुकले की आपलंच चुकल्यासारखं वाटायचं, हळूच म्हणाली, "सर, बुडबुडा अडकला असन."

बुडबुडा! धीरजला ते इतकं पटलं की तो मोठ्यानं हसला. वेढणी म्हणजे शेवटी तारेचेच वेढे; वेढ्यांच्या मध्ये हवा अडकणारच. त्यानं पाणी उकळून घेतलं, निववलं, रंगाच्या बारीक कुंचल्यानं वेढ्यांच्या आतून हवा झटकली, पुन्हा तोललं. पुन्हा पंधरा आणि वर थोडं. तिसऱ्यांदा त्यानं फळ्याकडे पाठ करून तोललं, आणि आकडा न लिहिताच म्हणाला की तराजू जुना झालाय. तराजू त्यानंच दिवाळीनंतर तपासून घेतला होता. घंटा झाली, पोरं गेली, आणि त्यानं वेढणी रुमालानं पुसून बोटात घातली. एरवी ती बोटावर असल्याचं त्याला कळतही नसे.

घरी, सिंदी मेघेला, जायला स्कूटरला वेळ असा कितीसा लागतो. पण त्या दिवशी त्यानं गाडी वळवलीच नाही, सरळ सेलूच्या रस्त्यानं पुढे जात राहिला. बोटाला वारा लागत होता. डोक्यात आकडे आपोआप पडत होते, त्याला ते थांबवता येत नव्हते. सोनं एकोणीसच्या पुढे, चांदी साडेदहा, तांबं नऊला कमी. पंधरा यायला किती भेसळ लागते याचा हिशेब एखाद्या पोरालाही जमला असता. चोख नव्हतं, मग किती चोख नव्हतं, इतकाच प्रश्न उरत होता, आणि तोही नव्हता उरत. आणि बोटावर उरलेला हा तुकडा म्हणजे वेढणीचा उरलेला भाग. बाकीचे दोन वेढे सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत, निर्वात भांड्यात, तापलेल्या तारेवर वितळून उडाले होते आणि एका काळ्या स्फटिकाच्या तोंडावर जाऊन बसले होते. त्या स्फटिकावर धीरजची पीएच.डी. उभी होती. तिच्यावर नोकरी, नोकरीवर घर, आणि या सगळ्याच्या खाली, कुणाला न दाखवता जपलेलं असं एक समाधान, की आपण जगात एक गोष्ट खरी पाहिली. बाकी आयुष्य म्हणजे पेपर तपासणं आणि सुपरव्हिजन. त्याची तक्रार नव्हती. एक गोष्ट पुरते माणसाला.

ती गोष्ट सांगायला तशी सोपी. काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांच्यातून वीज कुठलाही अडथळा न होता वाहते, कारण आतले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. जोडी जमली म्हणजे कुठेतरी ऊर्जा वाचली. फायद्याशिवाय कोण कशाला जोडी जमवील? जुन्या धातूंचं कोडं सुटलेलं होतं: जोडी झाली की इलेक्ट्रॉनांची धावपळ उलट महाग होते, पण आपसातल्या ओढीत त्याहून जास्त वाचतं. संसारासारखंच की, असं त्याचे मार्गदर्शक कर्णिक सर वर्गात म्हणत आणि मुली तेवढ्या हसत. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तांब्याचे नवे पदार्थ आले, बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि मधोमध तांबं-ऑक्सिजनचे पातळ थर असलेले, आणि ते कुणाची अपेक्षा नसलेल्या तापमानाला जोड्या जमवू लागले. त्यांच्यात ऊर्जा वाचते कुठे, यावर जगभर भांडण. धीरजनं त्या थरांवर प्रकाश टाकला. डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगाच्या पलीकडच्या प्रकाशापासून जांभळ्यापर्यंत, आणि किती परत येतो ते मोजलं, एकेका अंशानं थंड करत. परत आलेल्या प्रकाशावरून आतल्या धावपळीची बेरीज मांडता येते. बेरीज बदलली. अगदी थोडी, हजारात दोन-चार, पण जिथे जोड्या जमतात नेमकी तिथेच बदलली. धावणंच स्वस्त झालं होतं. जोडी झाल्यावर हे इलेक्ट्रॉन दमत नव्हते, हलके होत होते. त्या रात्री, नव्हे पहाटेच, तो वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन उगाच फेऱ्या मारत राहिला होता. हिंगणीजवळच्या खेड्यातल्या तानबा थूलच्या पोराला हे दिसलं, तांब्याच्या आत काय चालतं ते, आणि त्याआधी ते फारसं कुणाला दिसलेलं नव्हतं.

पण परत आलेला प्रकाश कशाशी तरी ताडावा लागतो. त्यासाठी स्फटिक मोजून झाला की त्याला जागचा न हलवता त्याच्यावरच सोन्याचा पापुद्रा चढवायचा आणि त्याच जागी, त्याच खाचखळग्यांसकट, तो आरसा मोजायचा. सोन्याचा आरसा गरम-थंड केल्यावर काय करतो हे जगाला ठाऊक आहे, म्हणून मग स्फटिक काय करतो ते कळतं. आता संस्थेचं शुद्ध सोनं खरेदी विभागात अडकलं होतं आणि द्रवरूप हीलियम मात्र येऊन पडलं होतं. हीलियम कुणासाठी थांबत नाही, उडून जातं. पुन्हा पाळी यायला चार महिने. शनिवारची दुपार होती. धीरजनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. साक्षगंधात, साखरपुड्याला, सासऱ्यांनी घातलेली वेढणी, तारेचीच, सरळ कापून तापत्या तारेवर ठेवता येईल अशी. वेढणी म्हणजे चोख सोनं, त्यात जोड द्यायला टाका नसतो, डाक नसतो, हे घरोघरी ठाऊक. नत्थूजी मून, हिंगणीचे पोस्टमास्तर, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "चोख हाय बरं जावईबापू." त्या 'चोख'चं धीरजनं पुढे प्रबंधात चार नवांमध्ये भाषांतर केलं: नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव टक्के. प्रत्येक उपकरण तीनदा तपासणारा माणूस. लॅबमध्ये त्याच्या या चोखंदळपणाची थट्टा व्हायची. त्याला कारण होतं, आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळता कामा नये हे तो शाळेपासून शिकला होता. पण सासऱ्यांचं सोनं तपासायचं नसतं. साक्षगंधाचं लेणं सोनाराकडे नेऊन कसाला लावणारा जावई आपल्या भागात एकाच दिवसात गावभर होतो. इतकी उपकरणं होती तिथे, आणि त्याच्या मनातही आलं नाही.

पापुद्र्यात चांदी-तांबं असलं तर ते सोन्याबरोबर सारखं उडत नाही. चांदी आधी उडते. आरसा मग सोन्यासारखा वागत नाही, थंड होताना तर मुळीच नाही. हजारात दोन-चार! एवढा फरक आरशाचाच असू शकतो. तांब्याचा शोध घेत होता तो, आणि तांबं आरशातच बसलं होतं. सेलूच्या अलीकडे कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, तिथे त्यानं स्कूटर थांबवली आणि बराच वेळ हँडल धरून नुसता उभा राहिला. कारण त्याला आता दुसरा स्फटिक आठवला होता. तोपर्यंत संस्थेचं सोनं आलं होतं, खरं चार नवांचं, आणि त्या आरशानं मोजल्यावर बेरीज जवळजवळ हललीच नव्हती. तो आणि कर्णिक सर दोन आठवडे डोकं खाजवत बसले आणि शेवटी सर म्हणाले की हा स्फटिकच हलक्या प्रतीचा असावा. पहिल्याचंच छापलं. इतकी वर्षं दुसऱ्या स्फटिकाला नावं ठेवण्यात गेली, आणि बिचारा तोच खरं बोलत होता.

याच सोमवारी कर्णिक सरांचा फोन येऊन गेला होता. बाहेर या प्रश्नावर आता रान पेटलंय, काहींना तुझ्यासारखंच दिसलं, काहींना बरोबर उलट, फेब्रुवारीत परिषद आहे, मी सगळ्यांचं एकत्र मांडणार आहे, आणि धीरज, तुझं काम त्यात अगदी पुढे. रविवारी फोन करतो, दोन-चार बारीक गोष्टी विचारून घेईन. बायकोला, भावनेला, तो फोन आल्याचं त्यानं उड्या मारत सांगितलं होतं. ती काय म्हणाली होती? जेवून घ्या, म्हणाली होती.

आणि तो सत्कार. हा आठवायला नको होता, पण एकदा धागा सुटला की सुटतच जातो. दोन हजार एकचा उन्हाळा, हिंगणीच्या विहारासमोर मांडव, ध्वनिक्षेपकाची खरखर, निळ्या पताका. गावानं पीएच.डी. झालेल्या जावयाचा सत्कार ठेवला होता. धीरजला भाषण करायचं नव्हतं, पण उभा राहिल्यावर त्याला भरून आलं आणि त्यानं वेढणीचीच गोष्ट सांगितली. मी काही मागितलं नव्हतं, हुंडा घेणार नाही म्हणून सांगितलं होतं, तरी या माणसानं माझ्या बोटात चोख सोनं घातलं, आणि त्याच सोन्याच्या आरशात मी जे पाहिलं ते आज परदेशातले लोक वाचतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावर नत्थूजी मान खाली घालून बसले होते. धीरजला वाटलं, म्हातारा गहिवरला. गहिवरला! तो वाकून पाया पडला तेव्हा नत्थूजींनी पाय मागे ओढून घेतले होते, आणि तेही त्याला आवडलं होतं. दोन वर्षांनी नत्थूजी गेले. त्यांच्यावर चिडायचीही सोय त्यांनी ठेवली नव्हती.

घरी पोचला तेव्हा भावना ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, सोल्यांची भाजी करायची म्हणून. शेंगांच्या हिरव्या वासानं घर भरलं होतं. तिनं उशीर काऊन झाला असं विचारलं. चप्पल न काढताच तो तिच्यासमोर बसला, बोटातली वेढणी काढली आणि सोल्यांच्या ताटात ठेवली. आता सांगायला हरकत नाही, सेलूपासून सिंदी मेघेपर्यंत त्यानं मनाशी एक आशा धरली होती. नत्थूजींनाच सोनारानं फसवलं असेल. म्हातारा बिचारा पोस्टातला माणूस, त्याला सोन्यातलं काय कळणार. आणि भावनेला तर काहीच माहीत नसेल. मग दोघं मिळून त्या सोनाराला शिव्या घालतील, रविवारी तो सरांना सगळं सांगेल, आणि जे जाईल ते जाईल. या आशेवर तो घरापर्यंत आला होता.

"हे चोख होतं का?" त्यानं विचारलं.

भावनेचे हात थांबले. ती म्हणजे काय म्हणाली नाही, असं काऊन विचारता म्हणाली नाही. ती म्हणाली, "कोणं सांगितलं?"

बस. तेवढ्यानंच झालं होतं. पुढचं तिनं सांगितलं ते त्यानं ऐकलं, पण कुणा दुसऱ्याच्या घरातलं ऐकावं तसं. आईच्या गळ्यातली एकदाणी भावाच्या, रुपेशच्या, अ‍ॅडमिशनमध्ये गेली होती. जे उरलं त्यात वेढणी बसत नव्हती आणि बाबांना जावयाचं बोट रिकामं ठेवायचं नव्हतं. लोक काय म्हणतील, मागितलं नाही म्हणून दिलंच नाही? सेलूच्या सोनाराकडे बाबांबरोबर तीच गेली होती. सोनारानं भर घातली आणि वर चोख सोन्याचं पाणी चढवलं. बाबांनी वेढणी उजेडात फिरवून पाहिली.

"काय म्हणले ते?"

तिनं सांगून टाकलं. "म्हणले, दिसायले सारखीच दिसते. पोरगा सायन्सचा हाय, सोनारकीचा नाई."

"आन् तू?"

"मी हसली होती," भावना म्हणाली. तिनं मान वर केली. "तवा तुमी परके होते मले. मले कुठं माहीत होतं, तुमी कसे हाय ते."

खोटं बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. भावनेचा हा एक गुण, विचारलं की खरं सांगायची. प्रश्न एवढाच होता की त्याला विचारायला सहा वर्षं लागली होती. त्याला एकदम आपण फार मूर्ख दिसत असणार असं वाटलं, चप्पल घालून ओसरीत बसलेला, हिरव्या सोल्यांत रुतलेल्या त्या तारेकडे बघत. सायन्सचा पोरगा. सासरा हसला, बायको हसली, सोनारही हसला असणार. आणि मग तो मुंबईला गेला आणि तीच तार आरसा म्हणून जगापुढे धरली.

त्याला आणखी एक विचारायचं होतं. ते न विचारता उठला असता तर कदाचित सगळं निभावलं असतं, पण मोजायची सवय वाईट. लग्नानंतर ती मुंबईला आली होती, संस्थेच्या त्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये. वेढणीचे दोन वेढे कापल्याचं त्यानं तिला तोऱ्यात सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. दुकानात नाई भेटत का सोनं, असं तिनं विचारलं होतं. आणि दुसऱ्या स्फटिकाच्या वेळी, संस्थेचं सोनं यायला पुन्हा उशीर होतोय म्हणून तो कात्री घेऊन बसला, तर तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. "नका ना कापू. माह्यासाठी." त्या खोलीत पंखा कुरकुरत होता, खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता, आणि तिच्या तळहाताला पिठाचा वास येत होता. धीरजनं कात्री ठेवून दिली होती. आपल्यावर कुणी इतका जीव टाकू शकतं हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. त्याच्या घरात जीव सगळ्यांचा होता, पण बोलून दाखवायची रीत नव्हती. ते वाक्य त्यानं इतक्यांदा आठवलं होतं की त्याचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले होते. ते भांडणांत कामाला यायचं. बोर धरणाच्या भिंतीवर संध्याकाळी बसून त्यानं तिला जोड्यांची सगळी कथा सांगितली होती, धावणं कसं स्वस्त होतं ते, आणि शेवटी म्हणाला होता, आपल्यासारखंच. ती पाण्याकडे बघत होती. तिला समजलं नसेल म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं होतं.

"त्या वेळी माझा हात धरला होतास," तो म्हणाला. "नका कापू म्हणली होतीस. ते कशासाठी?"

भावनेनं एक शेंग उचलली, सोलली नाही, परत ठेवली. त्याला तिनं काहीही म्हटलेलं चाललं असतं. दोन्ही असेल, असं म्हटलं असतं तरी तो त्यातलं अर्धं घेऊन उठला असता.

"भीती वाटली," ती म्हणाली. "तुमाले कळन म्हणून."

शुक्रवारी त्यानं जर्नलं तपासायला घेतली. सगळ्या वर्गानं सोन्यापुढे एकोणीस पॉइंट तीन लिहिलं होतं. सपनानंसुद्धा. नुसतं उत्तर नाही. ते यावं म्हणून पाण्यातलं वजनही मागे जाऊन नीट बसवलेलं, खाडाखोड न करता, छान अक्षरात. फळ्यावरचा पंधरा सगळ्यांनी पाहिला होता. सरांची लाज राखली होती पोरांनी. एरवी धीरजनं अशी वही भिरकावली असती. बसवलेला आकडा म्हणजे चोरी, असं तो पहिल्याच तासाला सांगायचा. पण त्यानं लाल पेन उघडलं आणि एकामागून एक सह्या करत गेला. या पोरांचं त्याच्यावर प्रेम होतं, हेच तर झालं होतं सगळ्यांचं. त्याच्यावर प्रेम असलेल्या कुणीही त्याला खरा आकडा सांगितला नव्हता.

घरात ते तीन दिवस दोघं एकमेकांशी फार नीट वागले. भावना त्याच्या आवडीचं करून घालत होती आणि तो ताटातलं सगळं संपवत होता. वेढणी भिंतीतल्या देवळीत, किल्ल्यांच्या शेजारी पडून होती. शनिवारी ती न राहवून म्हणाली की ओरडा तरी माह्यावर. त्याला ओरडता येईना. राग यायला माणूस समोर लागतो, आणि समोरची ही बाई त्याला नवीनच वाटत होती. म्हणजे वाईट नव्हे. फक्त सहा वर्षं ज्या बाईबरोबर राहिलो ती हिच्या मागे कुठेतरी उभी असावी आणि ही बाजूला झाली की दिसेल, असं काहीतरी. बोरच्या पाण्याकडे बघणारी भावना आता त्याला स्वच्छ दिसत होती. तिला पहिल्याच वेळी सगळं समजलं होतं. हजारात दोन-चार म्हणजे काय, आरसा म्हणजे काय, सगळं. त्यानं किती चांगलं समजावून सांगितलं होतं. आणि सगळं समजून ती दुसऱ्यांदा ऐकत बसली होती.

रविवारी दुपारी फोन वाजला. कर्णिक सर आनंदात होते. त्यांनी तापमानाचं विचारलं, स्फटिक चिकटपट्टीनं सोलून ताजा केल्यावर किती वेळात मोजला ते विचारलं, आणि धीरज उत्तरं देत गेला. आवाज त्याचाच होता, नेहमीचा. "आता एक शेवटचं," सर म्हणाले. "तिकडचा उलट मताचा जो गट आहे ना, ते सगळ्यांना विचारताहेत की आरशाचं सोनं कुठलं होतं. तू चार नवं लिहिली आहेस. तसंच ना?"

भावना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदराला हात पुसले. तिला फोनमधलं ऐकू जात नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून प्रश्न कळला असावा, कारण ती अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली, "सांगून टाका. बाबांचं नाव घ्या, चालते मले."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं तयारी केली होती. चेहऱ्यावर दिसतच होती. एक वाक्य बोलायचं होतं, सर, सोनं खोटं होतं. सर हादरले असते, मग सावरले असते. एक दुरुस्ती छापून आली असती, त्या परिषदेत एक ओळ कमी झाली असती, आणि जग आपल्या भांडणाकडे परत वळलं असतं. धीरजची ती एक गोष्ट गेली असती, पण तो स्वच्छ राहिला असता, लहानपणापासून राहिला तसा. आणि भावना इथेच, उंबऱ्यावर बसून, पोटभर रडली असती आणि हलकी झाली असती. सहा वर्षांचं ओझं एका दुपारी उतरलं असतं तिचं. तिला माफीही मागावी लागली नसती. तिच्या डोळ्यांत ती सुटका आत्ताच यायला लागली होती, आणि नेमकं तेच त्याला सहन होईना.

"हॅलो? धीरज?"

"हो सर," तो म्हणाला. "चोख होतं."

शब्द किती सहज आला. नत्थूजींनाही असाच आला असणार. झालं तर मग, असं म्हणून सरांनी भावनेची चौकशी केली, वर्ध्याला थंडी आहे का विचारलं, आणि फोन ठेवला. धीरजनंही रिसीव्हर जागेवर ठेवला, तारेचा पीळ सोडवून. भावना दारातून हलली नव्हती.

"काऊन नाई सांगितलं?" तिनं विचारलं. तिचा आवाज घाबरलेला होता. "आता तर मीच म्हणून राह्यली होती."

तो उठला, देवळीपाशी गेला आणि किल्ल्यांच्या शेजारची वेढणी बोटात घातली. मग खिडकीतल्या उन्हात हात धरून ती इकडून तिकडून फिरवून पाहिली, जशी सेलूच्या दुकानात कुणीतरी पाहिली असेल.

"दिसायले सारखीच दिसते," तो म्हणाला.

या वेळी भावना हसली नाही.